महूला वापरलेली एमटीबी बघितली, फोर्कमध्ये टकटक आहे. घेऊ का सोडू?

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. इंदूरजवळच्या महूला एक वापरलेली एमटीबी (डोंगरी सायकल) बघून आलो, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, २९ इंची चाकं, हायड्रॉलिक डिस्क आणि पुढे रॉकशॉक्स रेकॉन सिल्व्हर फोर्क, म्हणजे पुढचा शॉकर, हवेवाला, १०० मिमी दबणारा. मालक २८ हजार म्हणतोय. फ्रेम, चाकं, गिअर बघितले, तिथे काही खटकलं नाही, पण फोर्कचं मन मानत नाहीये. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली की हाताला टक टक लागतं. फोर्कच्या डाव्या नळीवर उभा चरा आहे, बोटभर तरी असेल. आणि दाबून सोडलं की नळीवर तेलाची गोल रेघ उमटते. मालकाचं म्हणणं, "अहो सील बदलून घ्या, हजार रुपयांत काम होतं, बाकी शॉकर एकदम टकाटक आहे." मी आजवर बिनासस्पेन्शनचीच सायकल चालवली त्यामुळे ह्यातलं किरकोळ काय नि खिसा रिकामा करणारं काय ते कळत नाही. चालवायची आहे इंदूरच्या आसपास, रालामंडल, तिंछा, चोरलच्या बाजूला, पावसाळ्यात पण. रविवारी परत जाणार आहे. नुसतं घ्या किंवा नका घेऊ असं नको, कुठे हात लावून बघायचं आणि का, ते सांगा प्लीज.

चोरलघाट
टकटक तीन ठिकाणांहून येऊ शकते आणि तिन्हींचा खर्च एकमेकांपासून फार लांब आहे म्हणून आधी तेवढं वेगळं करा. पहिलं हेडसेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ते, आपले दुकानवाले ज्याला हँडलचा 'कोन' म्हणतात. फ्रेमचा खालचा कप आणि फोर्कचा क्राउन (दोन्ही नळ्या वर जिथे जोडतात तो भाग) ह्यांच्या मध्ये जी बारीक फट असते तिच्यावर बोट आडवं ठेवा, दुसऱ्या हाताने पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवा. तिथे बोटाखाली हललं तर हेडसेट ढिला आहे, अ‍ॅलन की लावून जागेवर घट्ट होतो, बेअरिंग गेलं असेल तरी फार महाग नाही. खात्री करायची तर हँडल काटकोनात वळवून, चाक आडवं करून परत हलवा, तरीही टक येत असेल तर बहुतेक हेडसेटच.

दुसरं ब्रेक. कॅलिपरमध्ये पॅड थोडे हलतात आणि तेवढ्यानेही टक वाजतं, लोक उगाच फोर्कला दोष देतात. म्हणून ब्रेक न दाबता चाक भिंतीला टेकवून सायकल पुढेमागे करा, आवाज गेला तर पॅडचाच होता, फोर्कला काही झालेलं नाही.

तिसरं बुश, म्हणजे वरची नळी ज्यांतून सरकते त्या आतल्या कड्या, आणि भीती ह्याचीच. वरची चकचकीत नळी खालच्या पायात जिथे शिरते तिथे सीलला लागून अंगठा आणि बोट असं धरा की अर्धं नळीवर, अर्धं सीलच्या कडेवर येईल. मग भिंतीवाली टेस्ट परत करा. केसभर हालचाल नव्या फोर्कमध्येही असते, ती सोडून द्या. पण नळी आत गेल्यावर स्पष्ट ठोका लागत असेल तर बुश झिजलेत. ते बुश मॅग्नेशियमच्या खालच्या पायात दाबून बसवलेले असतात, काढायला-बसवायला वेगळं टूल लागतं, नेहमीच्या सायकल दुकानात हे काम होत नाही, बऱ्याचदा पूर्ण लोअर, म्हणजे खालचे पाय, बदलायची वेळ येते. तसं निघालं तर त्या सायकलीत फोर्क नाहीच असं धरून भाव करा, मालकाच्या हजार रुपयांच्या सीलवर जाऊ नका.

रामबागचे_काका
चऱ्याबद्दल मी सांगतो. रेकॉन सिल्व्हरच्या वरच्या नळ्या स्टीलच्या असतात, ३२ मिमी जाडीच्या, क्रोम केलेल्या. रेकॉन गोल्ड घेतलास तर अ‍ॅल्युमिनियमच्या मिळतात. त्यामुळे तुझ्या बाबतीत दोन गोष्टी बघायच्या, चरा आणि गंज. नळी स्वच्छ फडक्याने पूस, उन्हात तिरकी धर आणि नखाची कड चऱ्यावरून आडवी फिरव. नख अडकलं नाही तर तो नुसता दिसायला आहे. अडकलं तर तो कुठे आहे ते बघ. क्राउनजवळ अगदी वर असेल तर तिथपर्यंत सील क्वचितच पोचतं, फोर्क पूर्ण दबला तरच. पण सीलच्या वर चारपाच सेंटिमीटरात असेल तर प्रत्येक झटक्याला सील त्या खाचेवरून जाणार, खाचेतून माती आत नि तेल बाहेर, मग नवं सील टाकलं तरी थोड्या दिवसांत परत तेच. बारीक खाच असेल तर इपॉक्सी भरून अगदी बारीक वॉटर पेपरने सपाट करतात, टिकतंही, पण खाचेची कड वर उठलेली असेल तर आधी ती घासून काढावी लागते नाहीतर सील कापलं जातं.

गंज जास्त वाईट. आपल्याकडे लोक पावसाळाभर सायकल गच्चीवर नाहीतर जिन्याखाली उभी करतात, ओली चिखलाची तशीच, आणि सीलच्या ओळीवर क्रोमला टोचल्यासारखे ठिपके पडतात. नळीची मागची बाजू बघायला विसरू नकोस, लोक नेहमी पुढूनच बघतात. ठिपके बोटाला खरखरीत लागले तर ते परत गुळगुळीत होत नाहीत. आणि मालकाला विचार सायकल धुवायची कुठे. मोटारीच्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुतली असेल तर सीलच्या आत पाणी गेलंच समज, मला तर ह्या सवयीचा फार राग येतो, चांगले फोर्क ह्याच्यातच जातात.

तेलाची रेघ म्हणतोस ती पातळ, बोटाला जेमतेम लागणारी असेल तर चांगलीच आहे, सीलखालच्या फोमला तेल आहे इतकाच तिचा अर्थ. ओघळ येत असेल, किंवा पायाच्या खाली जे दोन बोल्ट असतात तिथे तेलकट माती साठली असेल, तर वेगळं.

पाताळपाणी_एक्सप्रेस
काकांच्या पोस्टला जोड देतो. डँपर, म्हणजे फोर्कची उसळी आवरणारा तेलाचा भाग, चेक केल्याशिवाय परत येऊ नका. उजव्या पायाच्या तळाशी लाल नॉब असतो, त्यावर ससा आणि कासव काढलेले आहेत. पूर्ण सशाकडे फिरवून फोर्क जोरात दाबा आणि सोडा, मग पूर्ण कासवाकडे फिरवून तेच करा. कासवावर तो सावकाश, जड वर आला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच उसळला तर डँपरचं तेल गेलंय किंवा आतलं सील, आणि ते काम सील बदलण्यापेक्षा मोठं. दाबताना आत पचपच आवाज येत असेल तर तेलात हवा मिसळली असू शकते. लॉकआउट (फोर्क कडक करायचा खटका) लावल्यावर थोडा दबतो, त्याने घाबरू नका, पण लॉक लावून न लावून फरकच वाटत नसेल तर मात्र विचारा.

अजून, क्राउनच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला सिरीयल नंबर कोरलेला असतो, तो रॉकशॉक्सच्या ट्रेलहेड वेबसाइटवर टाकला की कुठल्या वर्षाचा, कुठलं मॉडेल, किती ट्रॅव्हल (म्हणजे फोर्क किती मिमी दबतो), सगळं येतं. ट्रॅव्हल विकणाऱ्याच्या तोंडचं घेऊ नका. आणि खालच्या पायांची सर्व्हिस कंपनी ५० तासांच्या चालवण्यानंतर करायला सांगते, मालकाने शेवटची कधी केली ते विचारा, उत्तर येत नसेल तर तो खर्च तुमच्या हिशोबात धरा.

सुदामानगरकर
सगळ्यांचे आभार, रविवारी जाऊन आलो आणि तुम्ही सांगितलं तसं एकेक करून बघितलं. टकटक हेडसेटचीच होती, कपाजवळ बोट ठेवलं की सरळ कळत होतं. मालकाकडेच अ‍ॅलन की होती, स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट सैल करून वरचा बोल्ट आवळला, मग स्टेमचे आवळले, टक गेली. बुशला केसभर हालचाल आहे पण ठोका नाही, दोन्ही बाजूंना सारखी. चरा क्राउनपासून दोन बोटं खाली आहे, नख अगदी एका जागी अडकतं. गंज नाही, मागून पण बघितलं. ससा कासव पास.

पण आता नवीनच. शॉक पंपाने फोर्कच्या पायावर छापलेल्या वजनाच्या तक्त्याप्रमाणे हवा भरली आणि तरी फोर्क खालीच बसलेला राहतोय. कोणी न बसता सीलपासून क्राउनपर्यंत नळी जेमतेम ७५ मिमी दिसते. हाताने वर ओढला की थोडा येतो आणि परत खाली जातो. सिरीयल टाकला तर १०० मिमीचाच दाखवतो. हे काय असेल? मालक म्हणतो "त्याचा स्वभावच तसा आहे."

चोरलघाट
स्वभाव वगैरे काही नाही, हवा चुकीच्या खोलीत गेली आहे. हवेच्या फोर्कमध्ये डाव्या पायात पिस्टनच्या वर एक खोली असते जी फोर्क वर ढकलते आणि पिस्टनच्या खाली दुसरी छोटी खोली असते जी त्याला खाली ओढते, ती असते म्हणून सुरुवातीचे बारीक खड्डे मऊ लागतात. तुम्ही एकाच व्हॉल्व्हने भरता आणि आतल्या आत दोन्हींत दाब सारखा होतो. खालच्या खोलीत दाब जास्त अडकला की ती जिंकते आणि फोर्क आखडून बसतो.

हे दोन कारणांनी होतं. एक साधं, कोणीतरी हवा झटकन सोडली आणि खालची आत तशीच राहिली. मग हवा हळूहळू पूर्ण काढायची, काढताना फोर्क थोडाथोडा दाबत राहायचा, आणि परत भरताना कोणीतरी चाक खाली ओढून धरायचं, मधे थांबून फोर्क दहाबारा वेळा दाबायचा म्हणजे दोन्ही खोल्या सारख्या होतात. दुसरं, पिस्टनचं सील झिजलंय आणि हवा आतूनच खाली सरकतेय. दोन्ही ओळखायची पद्धत एकच, असं भरून नळी किती दिसते ते मोजा, मालकाला सांगा रात्रभर तशीच उभी ठेव, दुसऱ्या दिवशी परत मोजा. १०० च्या आसपास राहिली तर काही नाही. परत खाली बसली तर सील. ते सील किटमध्ये मिळतं, सस्पेन्शन उघडणाऱ्याकडे होणारं काम आहे, बुशसारखं नाही, फोर्क फेकायला नको. पण मग पूर्ण सर्व्हिसचा खर्च मालकाने भावात सोडला पाहिजे.

नवा_रायडर_एमआर१०
मधेच विचारतो, भाव खाली आला तर त्या सायकलीत सरळ १४० मिमीचा जुना फोर्क टाकला तर? ओएलएक्सवर बरे मिळतात.

रामबागचे_काका
नको रे. १०० ची फ्रेम १४० साठी बनवलेली नसते, पुढून उंच होते, स्टिअरिंग ढेपाळतं आणि फ्रेमच्या पुढच्या नळीच्या (हेड ट्यूबच्या) जोडावर ताण येतो. शिवाय स्टिअरर (फोर्कची हँडलपर्यंत जाणारी नळी) सरळ २८.६ मिमीचा की खाली दीड इंची टेपर्ड, आधीच्या मालकाने तो किती कापलाय, अ‍ॅक्सल क्विक रिलीजचा की १५ मिमीचा, ह्यातलं एक जरी जुळलं नाही तर फोर्क घरात पडून राहील.

सुदामानगरकर
मालकाने रात्रभर ठेवली. संध्याकाळी ९८ मिमी होती, सकाळी मी जाऊन मोजली तर ८८. म्हणजे सीलच ना? चार हजार सोडायला तयार झालाय. एक शेवटची शंका, सकाळी पंप परत लावला तर काटा संध्याकाळपेक्षा १० पीएसआय कमी, मग व्हॉल्व्ह पण गळतोय का?

चोरलघाट
सील, हो. व्हॉल्व्हचं त्या आकड्यावरून सांगता येत नाही, कारण पंप लावताना त्याची रिकामी नळी भरायला फोर्कमधलीच हवा जाते आणि काटा तेवढा खाली दाखवतो, प्रत्येक वेळी दाखवणार. पंप काढताना जी फुस्स होते ती बहुतेक नळीतली हवा असते. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी दोन थेंब टाका, बुडबुडे आले तरच गळतोय, आणि आले तर व्हॉल्व्ह कोर दोन मिनिटांत बदलतो. चार हजारांत सर्व्हिस किती बसते ते आधी दुकानात फोन करून विचारा, किट त्यांच्याकडे आहे की मागवावं लागेल ते पण, आणि मगच पैसे द्या.