सत्रं उलटी करायची आहेत: सभेत सगळे गप्प, बाहेर सगळे बोलतात

सातवा तास यांचा प्रश्न

नमस्कार. खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापिका आहे. सांगली जिल्हा, तालुक्याचं गाव, पहिली ते दहावी, इमारत एकच. पहिली ते चौथी सकाळी सव्वासातला, पाचवी ते दहावी दुपारी सव्वाबाराला, असं कित्येक वर्षं चाललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचं परिपत्रक आलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप पुरी होत नाही. ज्यांना अगदीच अशक्य आहे त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता घ्यायची, अशी फट होती. आमच्या संस्थेनं आजवर तिच्यातूनच वेळ काढली. आता ठरलंय की जूनपासून हायस्कूल सकाळी सातला आणि लहान मुलं दुपारी. सगळ्यांना नऊला बसवायचं तर खोल्या कुठून आणायच्या?

निर्णय मला पटलेला आहे. जानेवारीत पहिलीच्या वर्गावर गेलं की निम्मी पोरं कानटोपीसकट बाकावर आडवी. परिपाठात प्रतिज्ञा म्हणता म्हणता एक जण उभ्या उभ्या पेंगतो.

शिक्षक सभेत विषय मांडला. "कुणाला काही बोलायचंय?" कुणी बोललं नाही. कार्यवृत्तावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, चहा झाला. त्यानंतर आठवड्याभरात काय काय झालं ते ऐका. गणिताच्या सरांचं गुडघेदुखीचं सर्टिफिकेट आलं. वाड्यावस्त्यांवरच्या पालकांत बातमी पसरली की "बाई मुलींची शाळा बंद करणार". दहावीचे क्लासवाले (त्यांच्या बॅचा सकाळी सात ते दहा) अध्यक्षांच्या घरी जाऊन आले. संघटनेचं निवेदन आलं, त्याखाली ज्यांची सही नाही त्यांचं अक्षर मला ओळखता येतं. आणि आमचे वेळापत्रक करणारे सर एवढंच म्हणतात, "बाई, बसतच नाही."

"विश्वासात घ्या, बदलाचं महत्त्व समजावून सांगा" असं कृपया लिहू नका. समजलेलं सगळ्यांना आहे.

---

शिस्त यांचं उत्तर

लेखी आदेश काढा आणि मोकळ्या व्हा. शाळेची वेळ ठरवणं शिक्षकाच्या हातात नसतं. सात वाजून पाच मिनिटांनी मस्टर कपाटात, उशिरा येणाऱ्याला लाल शेरा. महिन्याभरात सगळे सरळ येतात. तुम्ही फार विचार करता.

---

निवृत्त हेडमास्तर यांचं उत्तर

वरच्या उपायानं सह्या वेळेवर होतील, याबद्दल दुमत नाही. शिकवणं होईल का, ते मस्टरमध्ये दिसत नाही.

बाई, ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय आला, तेव्हा माझ्या शाळेत एकानंही विरोध केला नाही. कल्पना उत्तम होती. मुलाकडे रोज बघायचं आणि जे दिसेल ते दोन ओळींत लिहायचं. प्रत्यक्षात काय झालं? बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका आल्या. सत्र संपता संपता रात्री जागून वर्गच्या वर्ग उतरवले गेले. "चित्रकलेत रस घेतो." "स्वच्छतेचे महत्त्व जाणतो." ज्या पोरानं दिवाळीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेही स्वच्छतेचं महत्त्व जाणत होतं. तपासणीत शेरा 'उत्तम'. आपल्या खात्यात विरोध बहुधा असाच होतो, सगळे रकाने भरून. त्यामानानं तुमच्याकडे निवेदन आलंय, गुडघा दुखतोय, लोक बोलतायत. मला तर हे बरं लक्षण वाटतं.

आता कामाचं. झोपेचा मुद्दा कुणी खोडत नाहीये, म्हणून तो पुन्हापुन्हा मांडू नका. या बदलाचं बिल कुणाकुणाच्या नावावर फाटतंय, ते आधी वहीत लिहा, आणि नाव घालून लिहा. "शिक्षकांचा विरोध" असं ढोबळ लिहाल तर हाती काही लागणार नाही. तुमच्या भागात द्राक्षाच्या बागा आहेत. सकाळी फवारणी, डेअरीला दूध, जेवण आणि मग शाळा, असं आयुष्य बसवलेला एक तरी माणूस स्टाफमध्ये असणार. त्याला सात वाजता बोलावणं म्हणजे बागेवर रोजंदारीचा माणूस ठेवायला लावणं. हा तोटा रुपयांत आहे, आणि तो भरून देणं तुमच्या हातात नाही. तेवढं त्याला तोंडावर सांगा. जे देता येत नाही त्याची गोड भाषा करू नये, माणूस त्यानं जास्त चिडतो.

दुसरा गट अपडाऊनवाल्यांचा. तिथं तुमच्या हातात बरंच आहे, आणि त्याची किल्ली त्या वेळापत्रकवाल्या सरांकडे. त्यांना "बसवा" म्हणू नका. शाळा सुटल्यावर तासभर शेजारी बसा आणि नेमकं काय बसत नाही ते विचारा. पहिले दोन तास गावात राहणाऱ्यांना आणि लांबून येणाऱ्यांचा पहिला तास ऑफ, असं करता येतं का? मात्र ही सवलत फलकावर उघड लावा आणि दर सत्राला फिरवा. कानात सांगून दिलीत तर नवं भांडण उभं राहील.

त्यांचा मानही ठेवा. गावाकडच्या हायस्कुलात वेळापत्रक करणारा माणूस हा न नेमलेला उपमुख्याध्यापक असतो. ठरवण्याआधी त्याला विचारलं होतं का, हे संस्थेला एकदा विचारा. मला वाटतं, नव्हतं.

तिसरे पालक. "मुलींची शाळा बंद करणार" ही अफवा म्हणून सोडून देऊ नका. पाचवीपासूनच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे. पण गाडीच नसेल तर पास काय कामाचा? साडेअकराच्या गाडीनं येणारी सातवीतली मुलगी सातला कशी पोचणार? ती चालत येणार नाही, आणि आईबाप पाठवणारही नाहीत. हा मुद्दा कुणी वाईट हेतूनं पसरवला असेल, तरी मुद्दा खराच आहे. शिपाई आणि खिचडी शिजवणाऱ्या बायका यांना तर बहुतेक कुणी विचारलेलंच नसेल.

क्लासवाल्यांसाठी वेळ घालवू नका. गिऱ्हाईक दुपारी मोकळं झालं की ते दुपारी दुकान उघडतील.

---

पहिली गाडी यांचं उत्तर

मी त्या गप्प बसणाऱ्यांपैकी. (तुमच्या शाळेतली नाही, अक्षर ओळखायला जाऊ नका.)

सभेत का बोलत नाही ते सांगते. समोर कार्यवृत्ताची वही उघडी असते. गोपनीय अहवाल तुम्हीच लिहिता. माझ्या शेजारच्या बाईंचा निवडश्रेणीचा (वरच्या वेतनश्रेणीचा) प्रस्ताव तुमच्याच सहीनं जायचा असतो. अशा ठिकाणी "कुणाला काही बोलायचंय?" विचारलं तर शहाणा माणूस चहा कधी येतो याची वाट बघतो. ऑफ तासाला एकेकटीला गाठा, वही आणू नका, आणि "विरोध का करता" असं विचारू नका. "सातला पोचायला तुला काय लागेल?" असं विचारा. मला कुणी विचारलं असतं तर उत्तर एका ओळीचं होतं: आमच्याकडून पहिली गाडी सव्वासहाला सुटते आणि पोचायला पाऊण तास लागतो. सातच्या जागी सव्वासात करा, माझा विरोध संपला.

आणि एक शंका प्राथमिकची म्हणून. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याखाली पहिलीची पोरं बसवणार का? थंडीतली झोप वाचवून उन्हाळ्यात त्यांना भाजून काढायचं असेल तर तुमच्या संस्थेला माझाही नमस्कार.

---

सातवा तास यांचं उत्तर

सर्वांचे आभार. 'शिस्त' यांचेही, आमचे सचिव अगदी याच भाषेत बोलतात.

पहिली गाडी, पत्र्याचा मुद्दा बरोबर आहे. खालच्या मजल्यावर स्लॅबच्या खोल्या आहेत, आज तिथं नववी-दहावी बसते. दुपारी त्या लहान मुलांना द्यायच्या आणि पत्र्याच्या खोल्या फक्त सकाळी वापरायच्या, एवढं ठरवून घेतलंय. सव्वासातही मान्य झालं. त्यामुळे तास पाच-पाच मिनिटांनी कापावे लागतील आणि विज्ञानवाले प्रयोगाच्या तासावरून कुरकुर करतायत. त्यांची कुरकुर रास्त आहे. प्रयोगाचे दोन तास जोडून देणार आहे.

हेडमास्तर सर, तुमच्या सांगण्यावरून वेळापत्रकवाल्या सरांशेजारी बसले. 'बसत नाही' याचा अर्थ असा निघाला की चित्रकलेचे आणि खेळाचे सर दोन्ही विभागांना मिळून आहेत. सकाळी हायस्कूलचे तास घेऊन ते दुपारी प्राथमिकला थांबले तर त्यांचा दिवस सकाळी सात ते संध्याकाळी पाच. आजही तो तसाच उलट्या बाजूनं आहे म्हणे, आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता! त्यांचे तास आठवड्यातून तीन दिवस सकाळी आणि तीन दिवस दुपारी, असं सरांनीच सुचवलं. संस्थेनं विचारलं होतं का, तुमचा अंदाज बरोबर आहे.

आगारातही जाऊन आले. एका बाजूच्या वाडीला मुक्कामी गाडी आहे, ती पहाटे सहाला निघते, म्हणजे तिथल्या मुलींचं जमतं. दुसऱ्या बाजूला काही नाही. आगार व्यवस्थापक म्हणाले, पासधारक मुलींची गावनिहाय यादी आणि शाळेचं पत्र द्या, मग बघू. यादी लिपिकांनी काढलीय. ही फेरी सुरू झाल्याचं लेखी आल्याशिवाय जूनची तारीख जाहीर करू नका, असं मी संस्थेला कळवलंय. सचिव नाराज आहेत. असू देत.

बागवाले सर अजून बोलत नाहीत. त्यांना स्पष्ट सांगितलं की यात मला काही करता येणार नाही. त्यांनी मान हलवली आणि तासावर गेले. गुडघा मात्र बरा झालाय.

आता एकच अडलंय. पोषण आहार आठवीपर्यंत आहे. सकाळचे सुटताना आणि दुपारचे येताना, दोघांना एकाच शिजवणीत वाढायचं म्हणतोय. कुणी केलंय का असं?

---

पहिली गाडी यांचं उत्तर

आमच्याकडे तसंच आहे. सकाळच्यांना शेवटच्या तासाआधी वाढा, सुटल्यावर ठेवलंत तर मोठी मुलं न जेवताच गाडी गाठायला पळतात. लहान मुलांना आल्या आल्या नको, घरून जेवून आलेली असतात. पहिले दोन तास झाल्यावर द्या. मधे अन्न झाकून ठेवायला मोठं पातेलं आणि ताटं दुसऱ्यांदा घासायला एक जास्तीची मदतनीस लागेल. तिच्या मानधनाचं आधी ठरवा, नाहीतर ते काम शिपायाच्या गळ्यात पडतं.