मुलांचा जबाब व्हिडिओवर होतो खरा, पण प्रश्न कोण तपासतं?

अनुजा_व
पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) केसेसमध्ये मी सहाय्यक व्यक्ती म्हणून जाते. म्हणजे पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत मुलासोबत असणारं माणूस. मध्यंतरी एका आठ वर्षांच्या मुलीच्या जबाबाला बसले होते (तपशील बदललेत). पोलीस बाई साध्या कपड्यात, मुलीच्या घरी आलेल्या, पॉक्सोचं कलम २४ अगदी अक्षरशः पाळलेलं. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, वर पंखा खडखडतोय. आणि पहिलाच प्रश्न: "त्या काकांनी तुला हात लावला ना?" मुलीने मान हलवली. मान फ्रेमच्या बाहेर.

त्या एका 'ना'मध्ये सगळं गेलं. मुलगी काही सांगायच्या आत उत्तर तिच्या तोंडात घालून झालं. पुढे टाइप केलेला जबाब वाचला तर त्यात "समक्ष विचारल्यावरून सांगते की, सदर इसमाने..." आठ वर्षांची पोर 'सदर इसम' म्हणते होय?

माझं म्हणणं एवढंच, की कॅमेऱ्याआधी प्रश्न विचारायला शिकवा. अमेरिकेतल्या एनआयसीएचडी या बालआरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी बसवलेल्या पद्धतीत आधी मुलाला एखाद्या साध्या प्रसंगाबद्दल बोलतं करतात. 'माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, माझं चुकलं तर मला सांग' हे आधीच बजावतात. मग 'काय झालं ते सांग' म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही.

निवृत्त_फौजदार
ताई, तुमची कळकळ कळते, पण ठाण्यात एक दिवस बसून बघा. महिला पीएसआय एकच, तीही गणपती बंदोबस्ताला. तपास दोन महिन्यांत संपवायचा. आणि एवढं करून त्या व्हिडिओचा उपयोग काय? पोलिसांपुढचा जबाब हा पुरावाच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६२, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १८१. कोर्टात तो निघतो तो साक्षीदाराला खोटं पाडायला. मुलगी व्हिडिओत 'संध्याकाळी' म्हणाली आणि कोर्टात 'दुपारी', की झालं. आपणच आरोपीच्या वकिलाला दारूगोळा पुरवायचा का? पॉक्सोच्या कलम २६ मध्येही 'शक्य असेल तेव्हा' असंच आहे. मॅजिस्ट्रेटपुढे त्याच संहितेच्या कलम १८३ खाली नीट जबाब होऊ द्या, ठाण्यातला कॅमेरा बंद ठेवा.

काळाकोट
फौजदारसाहेब, मनातलं बोललात! मी त्याच दुसऱ्या बाजूला उभा राहतो, आणि मला व्हिडिओ हवा आहे. 'मुलगी पढवलेली आहे' हा आमचा ठरलेला बचाव. तिने स्वतःहून, अडखळत, स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं रेकॉर्डिंग असेल तर तो बचाव टिकणं मुश्कील. आणि जिथे अधिकाऱ्यानेच वदवून घेतलंय, तिथे ते कोर्टाला दिसायलाच हवं. निर्दोष माणूसही आत जातो हो कधीकधी.

आणखी एक. मोबाईलवरून पेन ड्राइव्हवर कॉपी करून देतात आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडायला विसरतात. खोतकर-गोरंट्याल निकाल (२०२०, आपल्या जालन्याच्या निवडणुकीतला) वाचला नाही वाटतं कोणी.

बोलकेहात
विशेष शिक्षिका आहे. पीडित व्यक्ती अपंग असेल तर १८३ चा व्हिडिओ सरतपासणीच्या (कोर्टात आपल्याच बाजूच्या वकिलाने घेतलेल्या साक्षीच्या) जागी धरतात. मग उलटतपासणी थेट त्याच्यावर, म्हणजे दारूगोळा वगैरे सोडा, तो व्हिडिओ हीच साक्ष. आता ऐका. एका कर्णबधिर मुलीच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा फक्त चेहऱ्यावर होता. हात फ्रेममध्ये नाहीत. राहिला तो दुभाष्याचा आवाज! ती काय 'बोलली' ते आता कुणालाच पडताळता येणार नाही.

अनुजाताई, 'काय झालं ते सांग' सगळ्यांना चालत नाही मात्र. बौद्धिक अक्षमता असलेलं मूल त्यावर नुसतं बघत बसतं. त्याला चित्रं लागतात, मध्ये सुट्टी लागते. आणि पर्याय दिले की ते शेवटचा पर्याय उचलतं, हेही आहेच.

लेस्टरकर
इंग्लंडमध्ये मुलांची पोलिसांनी घेतलेली मुलाखतच सरतपासणी म्हणून कोर्टात दाखवतात, १९९० च्या दशकापासून. वेगळी खोली, सोफा, दुसऱ्या खोलीत बसून बघणारा सहकारी. तरी २०१४ मध्ये तिथल्याच तपासणी यंत्रणांच्या संयुक्त अहवालात अशा मुलाखतींची मार्गदर्शिका नीट पाळली जात नाही म्हणून ताशेरे आहेत. सोफ्याने प्रश्न सुधारत नाहीत.

निवृत्त_फौजदार
सोफा राहू द्या, आधी पंखा बंद करता येईल अशी खोली द्या.

चिंचपोकळीची_आई
आणि तो मोबाईल कोणाचा? अधिकाऱ्याचा स्वतःचा? त्याच फोनवर त्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात ना? माझ्या मुलीचा व्हिडिओ तिथे असता तर मला झोप लागली नसती. यावर कोणीच बोलत नाहीये.

अनुजा_व
बरोबर, हे मी लिहायला हवं होतं. खोलीबद्दल: सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये बंडू ऊर्फ दौलत खटल्यात आणि २०२२ मध्ये स्मृती बडदे प्रकरणात असुरक्षित साक्षीदारांसाठी (मुलं वगैरे) साक्ष देण्याची वेगळी केंद्रं उभारायला सांगितलं. दोन्ही प्रकरणं महाराष्ट्रातली. कोर्टाच्या आवारातली ती खोली आणि तिथला कॅमेरा पोलिसांना जबाबासाठी का मिळू नये?

निवृत्त_फौजदार
जिल्ह्याच्या ठिकाणी नव्वद किलोमीटर, एसटीने, त्या मुलीला? नाही पटत.

पण 'सदर इसम'बद्दल कबूल करतो, ते आमच्या रायटरचं (जबाब लिहून घेणाऱ्या पोलिसाचं). मुलांचे शब्द तसेच लिहिले की साहेब जबाब परत पाठवायचे, 'नीट लिहा' म्हणून. एका मुलीने 'शूची जागा' म्हटलं होतं, आम्ही 'गुप्तांग' लिहिलं. वर्षभराने कोर्टात तिला विचारलं, गुप्तांग म्हणजे काय? तिला सांगता येईना. मी मागच्या बाकावर बसलो होतो.