गणवेशाबद्दल पालकांची मतं गोळा करायची आहेत, प्रश्न कसे विचारू? मदत हवी आहे

नमस्कार,

माझी मुलगी सरकारी शाळेत चौथीत आहे. शाळेत आजवर गणवेश नव्हता. पुढच्या वर्षापासून तो सक्तीचा करावा असा प्रस्ताव पालक समितीपुढे आला आहे. मी समितीवर यंदाच आले आणि सगळ्या पालकांची मतं लेखी गोळा करायचं काम माझ्या वाट्याला आलं. काम छोटं वाटलं म्हणून हो म्हटलं. आता झोप उडाली आहे.

आधी सभेत काय झालं ते सांगते. चाळीसेक पालक आले होते, बोलले सहा-सात जण. गणवेश हवा म्हणणाऱ्यांचे मुद्दे ओळखीचेच होते: शिस्त येते, गरीब-श्रीमंत दिसत नाही, सकाळी कपड्यांवरून रडारड होत नाही, सहलीला मुलं चटकन ओळखू येतात. नको म्हणणारे दोघंच होते. एक बाबा म्हणाले, मुलांना साच्यात घालू नका. दुसऱ्या ताईंनी फक्त खर्चाचं विचारलं, त्यावर कोणीतरी "रोजचे कपडे घेण्यापेक्षा स्वस्तच पडतं" म्हणालं आणि त्या गप्प बसल्या. हात वर करा म्हटल्यावर जवळजवळ सगळे हात वर गेले. माझाही गेला.

सभा संपल्यावर जिन्यात एका आईने मला थांबवलं. तिचाही हात वर होता. म्हणाली, "माझी दोन मुलं. एकेक जोड घेतला तर मला तो रोज रात्री धुवावा लागणार. पावसाळ्यात वाळला नाही तर ओला घालून पाठवू की घरी ठेवू? आत्ता निदान जे वाळलंय ते घालून जातात. पण हे सभेत कसं बोलू हो?"

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. मी स्वतः गणवेशाच्या बाजूने होते, त्याला कारणही होतं. लेकीच्या वर्गातली एक मुलगी सलग चार दिवस एकाच फ्रॉकमध्ये आली आणि कोणीतरी तिला सगळ्यांसमोर "तुझ्याकडे एकच फ्रॉक आहे का?" असं विचारलं. लेकीने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा मला वाटलं, गणवेश असता तर हा प्रश्नच आला नसता. आता वाटतं, प्रश्न आला नसता, पण त्या मुलीकडे कपडे तेवढेच राहिले असते.

समितीने आधीच एक कच्चा फॉर्म बनवून दिला आहे. तो असा:

१. शिस्त आणि समानता यांसाठी शाळेत गणवेश असावा असे आपणास वाटते का? (होय / नाही)
२. गणवेशाचा खर्च आपणास परवडेल का? (होय / नाही)
३. पालकाचे नाव, पाल्याची इयत्ता, सही.

हा वाटला तर सभेत झालं तेच कागदावर होईल, एवढं मला कळतंय. पण बदलू काय? जिन्यातल्या त्या आईला मनातलं लिहिता येईल असा कागद कसा करायचा? आणि गणवेशाने खरंच काय होतं, काय होत नाही, याबद्दल कोणाला खात्रीचं काही माहीत असेल तर तेही हवंय. समितीत "शिस्त येते" हे वाक्य गृहीत धरलं जातं आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

पुढच्या गुरुवारी समितीची बैठक आहे.


प्रतिसाद: पाटीपेन्सिल

ताई, वर्षानुवर्षं लोकांकडून फॉर्म भरून घेण्याचं काम केलंय, त्या अनुभवावरून सांगतो.

पहिला प्रश्न काढूनच टाका. "शिस्त आणि समानता यांसाठी" हे शब्द प्रश्नात आले की नाही म्हणणारा माणूस शिस्तीच्या आणि समानतेच्या विरोधात जातो. कोण जाईल? दुसऱ्या प्रश्नात त्याहून मोठी गफलत आहे. "परवडेल का" यावर सही करून "नाही" लिहायला लावणं म्हणजे माणसाला स्वतःची गरिबी लिहून द्यायला लावणं. लोक "होय" लिहितात आणि पोटाला चिमटा घेतात. नाव आणि सही तर नकोच. इयत्ता चालेल, तीही प्रत्येक इयत्तेत पुरेशी मुलं असतील तरच. नाहीतर कोणाचा कागद ते लगेच ओळखू येतं.

मत विचारण्याआधी घडलेलं विचारा. मत देताना माणूस चार लोकांत शोभेल ते देतो, घडलेलं मात्र सरळ सांगतो. उदाहरणार्थ: "गेल्या महिन्यात कपड्यांच्या कारणाने मूल शाळेत जायला तयार नव्हतं, असं किती वेळा झालं?" "कपड्यांवरून कोणी चिडवल्याचं मुलाने घरी सांगितलं का?" "तुमच्या घरी शाळेचे कपडे आठवड्यातून किती वेळा धुणं जमतं?" हा शेवटचा प्रश्न त्या जिन्यातल्या आईचा आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, प्रत्येक घरात धुणं असतंच. पण उत्तरांवरून तुम्हाला कळेल की एका मुलाला किती जोड लागतील. दोन दिवसांआड धुणं होणारी घरं जास्त निघाली तर एका जोडावर गणवेश सक्तीचा करताच येणार नाही, हे आकडाच सांगेल, तुम्हाला भांडावं लागणार नाही.

गणवेश हवा की नको हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि हो-नाही असा नको. चार पर्याय द्या: आहे तसंच राहू दे; फक्त रंग ठरवा, कपडा कुठलाही चालेल; गणवेश असावा पण ऐच्छिक; गणवेश सक्तीचा असावा. दुसऱ्या पर्यायाला किती लोक येतात ते बघाच. बहुतेक ठिकाणी हा पर्याय कोणी ठेवतच नाही.

कागद मुलांच्या दप्तरातून पाठवा आणि बंद पाकिटातून परत मागवा. कोरा असला तरी पाकीट यायला हवं, म्हणजे कोणी भरला आणि कोणी नाही हे उघड होत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवणारं माणूस समितीतलं नको, शाळेतलं तर नकोच.


प्रतिसाद: खडूफळा

मी शिक्षिका आहे, गणवेश असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही शाळांत शिकवलंय. "शिस्त येते" याबद्दल लिहिते.

हे वाक्य जगभर पसरलं त्यात अमेरिकेतल्या लाँग बीच या शहराचा मोठा वाटा आहे. तिथल्या सार्वजनिक शाळांनी 1994 साली बालवर्गापासून आठवीपर्यंतच्या वर्गांना गणवेश सक्तीचा केला. त्यानंतर शाळेतले गुन्हे घटल्याचे आकडे आले आणि 1996 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आपल्या वार्षिक भाषणात गणवेशाची बाजू उचलून धरली. पण त्याच काळात तिथे इतरही उपाय चालू होते, त्यामुळे गुण गणवेशाचा की बाकीच्या उपायांचा हे वेगळं काढता येत नाही. पुढे 1998 मध्ये ब्रन्स्मा आणि रॉकक्वेमोर या दोन समाजशास्त्रज्ञांनी दहावीतल्या मुलांची देशव्यापी माहिती तपासली. गणवेशामुळे हजेरी, वर्तन किंवा व्यसनं यांत थेट फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही.

अलीकडचं म्हणजे 2022 चं ओहायो स्टेट विद्यापीठाचं काम. सहा हजारांहून जास्त मुलं, बालवर्गापासून पाचवीपर्यंत. वर्तनात फरक नाही. गरीब घरातल्या मुलांची हजेरी गणवेशाच्या शाळांत किंचित बरी, पण वर्षाला एक दिवससुद्धा पूर्ण नाही. मला चटका लावून गेली ती वेगळी गोष्ट. गणवेशाच्या शाळांतल्या पाचवीच्या मुलांना "ही शाळा आपली आहे" असं वाटण्याचं प्रमाण कमी निघालं. आपण तर नेमकं उलटं गृहीत धरतो. अर्थात हे सहसंबंध आहेत, गणवेशामुळेच असं झालं असं त्यावरून म्हणता येत नाही.

पण म्हणून गणवेश निरुपयोगी, असंही समितीला सांगू नका. केनियात गरीब मुलांना गणवेश मोफत देऊन पाहिला गेला. ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांची गैरहजेरी निम्म्याहून जास्त घटली. काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तो परिणाम टिकलेला नव्हता, तरी त्या वर्षांपुरती मुलं वर्गात बसली हे खरंच आहे. यात मला दिसतं ते असं: जिथे गणवेश लागतोच तिथे तो हातात नसणं हेच शाळा बुडण्याचं कारण होतं. म्हणजे तुमची शाळा गणवेश सक्तीचा करणार असेल आणि देणार नसेल, तर आज नसलेलं एक कारण ती नव्याने तयार करणार.

वर्गातला माझा अनुभव म्हणाल तर गणवेशाने कपड्यांची तुलना थांबते आणि बूट, दप्तर, पाण्याची बाटली यांवर सरकते. तो फ्रॉकवाला प्रश्न ज्या मुलाने विचारला, त्याच्याशी शिक्षकांनी बोलायला हवं होतं. ते काम कापडाला जमणार नाही.


प्रतिसाद: दुहेरीटीप

खडूफळा यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी कपडे शिवते, म्हणून कापडाचं लिहिते, कारण समित्यांमध्ये रंगावर तासभर चर्चा होते आणि कापडावर कोणी बोलत नाही.

पॉलिस्टर लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, रंग टिकतो. उन्हाळ्यात मात्र अंगाला चिकटतं आणि काही मुलांना पुरळ येतं. सुती बरं वाटतं, पण वाळायला वेळ लागतो आणि चुरगळतं. ज्या घरात एकच जोड आहे तिथे हा फरक रोजचा आहे. मिश्र कापड घ्यायला सांगा. शिवताना बाहीला आणि खाली तीन-चार बोटं दुमड ठेवायला सांगा म्हणजे मूल वाढलं की उसवून सोडता येते. छातीवर शाळेचं चिन्ह विणलेलं असलं की तो कपडा एकाच ठिकाणाहून घ्यावा लागतो आणि धाकट्याच्या शाळेत उपयोगी पडत नाही. चिन्ह हवंच असेल तर वरून लावता येणारं, सुटं. इंग्लंडमध्ये यासाठी 2021 साली कायदाच झाला. त्याखाली शाळांना सांगितलंय की चिन्हवाले कपडे कमीत कमी ठेवा आणि वापरलेले गणवेश मिळण्याची सोय करा.

आणि कृपा करून मुलींसाठी पांढरं काही ठरवू नका. चौथी-पाचवीतच पाळी सुरू झालेल्या मुली आहेत. डाग पडेल या भीतीने पाच दिवस बाकावरून न उठणारी मुलगी मी माझ्या घरात पाहिली आहे. स्कर्टची सक्तीही नको. केंब्रिज विद्यापीठाने 2024 मध्ये 135 देशांतली माहिती पाहिली, तेव्हा जिथे बहुतेक शाळांत गणवेश आहे तिथे पुरेशी हालचाल करणारी मुलं कमी आढळली आणि प्राथमिक वयात मुली मुलांच्या जास्तच मागे पडलेल्या दिसल्या. कारण सिद्ध झालेलं नाही, पण स्कर्ट सावरत कोण पळणार?


प्रतिसाद: आठवीब

मी गणवेशाच्या बाजूचा आहे आणि राहणार. लहानपणी माझ्याकडे बरे कपडे दोनच होते आणि गणवेशाने मला वाचवलं. वर्गात मी कोणापेक्षा कमी दिसलो नाही. अभ्यास काय सांगतात ते सांगोत, मला तो निळा शर्ट अजून आठवतो. फक्त एक: माझा गणवेश शाळेने दिला होता, आणि दोन जोड दिले होते.


प्रतिसाद: खडूफळा

सूट द्यायची कशी याचा नमुना हवा असेल तर कॅलिफोर्नियाचा कायदा पाहा. तिथे सार्वजनिक शाळेला गणवेश सक्तीचा करायचा तर पालकांना किमान सहा महिने आधी कळवावं लागतं, गरीब मुलांसाठी मदतीची सोय दाखवावी लागते आणि ज्या पालकांना नको त्यांना सूट मागता येते. सूट घेतलेल्या मुलाला शिक्षा करता येत नाही. तुमच्या ठरावात या तिन्ही गोष्टी शब्दशः घाला. आणि गणवेश शाळाच देणार असेल तर वेळेचं पक्कं करा. महाराष्ट्रात 2024-25 ला सरकारी शाळांसाठी एकच गणवेश वरून पुरवायचं ठरलं, तेव्हा कितीतरी शाळांत तो उशिरा पोचला आणि मापाच्या तक्रारी आल्या. शेवटी तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. माप मुलाच्या जवळ राहूनच घ्यावं लागतं.


धागालेखिका:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून फॉर्म नव्याने लिहिला. नाव-सही काढली. पहिले तीन प्रश्न घडलेल्या गोष्टींचे आहेत, त्यात धुण्याचा प्रश्न आहे. मग कापडाने त्रास होतो का, मुलीला स्कर्ट की पँट सोयीची वाटते, आणि "शाळेने दोन जोड दिले तर" व "स्वतः घ्यावे लागले तर" असे दोन वेगळे रकाने. चार पर्याय शेवटी. आठवीब, तुमचा प्रतिसाद वाचूनच ते दोन रकाने केले. तुम्ही आणि जिन्यातली ती आई एकाच बाजूचे आहात असं मला वाटतंय.

लेकीला विचारलं, तुझं काय मत? तिला रंग ठरवण्याचा पर्याय आवडला, पण रंग मुलांनी ठरवायचा म्हणते. म्हणून मुलांसाठी वेगळा छोटा कागद करतेय.

अध्यक्षांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "सही नसेल तर एकच माणूस पाच कागद भरेल." पाटीपेन्सिल, याला काय उत्तर देऊ? पाकिटावर शिक्का मारून मोजूनच वाटली तर पुरेल का, की आणखी काही करावं लागतं? गुरुवारच्या आत सांगाल का?