'मॉइश्चर रिसायकलिंग'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका: अ‍ॅमेझॉनच्या जंगलावरील लेखाचे भाषांतर करताना या शब्दापाशी अडले आहे. अटलांटिकवरून आलेले बाष्प पाऊस होऊन पडते, झाडे ते पाणी मुळांनी शोषून पानांवाटे हवेत सोडतात आणि वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे सरकलेले तेच पाणी पुढे पुन्हा बरसते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सलाती यांनी १९७०च्या दशकात पावसातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून) हे दाखवून दिले. मी 'परतीचा पाऊस' असे लिहिले होते, ते संपादकांनी खोडले. 'आर्द्रता-पुनर्चक्रण' मात्र माझ्या हातून लिहवत नाही.

रानवाट: संपादकांनी खोडले ते योग्यच केले. आमच्या परभणीकडे परतीचा पाऊस म्हणजे रब्बीची ज्वारी. तो होऊन गेला की आजोबा शेतातली मूठभर माती दाबून तिचा लाडू वळतो का ते पाहत आणि मगच "ओल आहे, पेरा" असे सांगत. त्या शब्दाला दुसरा अर्थ चिकटवू नये. फेरविचार, फेरतपासणी यांच्या चालीवर 'फेरपाऊस' म्हणून पाहा.

व्याकरणप्रेमी: फेरविचार माणूस करतो, पाऊस कोणी 'फेर' करत नाही, त्यामुळे ही चाल मला पटत नाही. शिवाय 'पुनर्चक्रण' हा संधीच चुकीचा आहे. 'पुनश्च'प्रमाणे 'पुनश्चक्रण' व्हायला हवे.

रानवाट: नियम मान्य आहे, परंतु 'पुनर्चक्रण' छापील मजकुरात रुळले आहे आणि 'पुनश्चक्रण' वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर पाऊस उभा राहणार नाही.

देवराई: मला नावापेक्षा क्रियापदाची काळजी अधिक वाटते. 'झाडे पाऊस ओढतात' असे आपण सर्रास म्हणतो आणि त्यामुळे गावाबाहेरच्या टेकडीवर रोपे लावली की पाऊस त्याच टेकडीवर उतरेल, अशी समजूत होते. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि खाली वाईला त्याचा लहानसा अंश, हा फरक झाडांनी केलेला नसून समुद्रावरून येणारे वारे घाटाला अडून वर चढल्यामुळे होतो. विस्तीर्ण जंगलाने हवेत सोडलेले बाष्प वारा नेईल तिकडे, बहुधा शेकडो किलोमीटर दूर, कामी येते. म्हणून झाडे पाऊस 'ओढतात' असे न म्हणता पावसाचे पाणी हवेला 'परत देतात' असे लिहावे.

व्याकरणप्रेमी: 'परत देतात' हे मात्र उत्तम. त्याच न्यायाने 'वनीकरण' शब्दही जपून वापरावा. त्यातील 'ई' हा संस्कृत व्याकरणातील च्वि-प्रत्ययाचा आहे आणि जे मुळात वन नव्हते ते वन करणे, असा त्याचा अर्थ होतो. तोडलेले जंगल पुन्हा उभे करणे हे पुनर्वनीकरण.

देवराई: हा भेद कागदापुरता नाही. माळरान ही ओसाड जमीन नव्हे. तेथे तणमोर आणि लांडगे राहतात, आणि वनीकरणाच्या नावाखाली तेथे ओळीने खड्डे खणले जातात.

अनुवादिका: माळरानाविषयीचे म्हणणे मनापासून पटले. 'परत देतात' हे वाक्यात घेतले आहे, परंतु लेखाच्या मथळ्यात नामच हवे आहे आणि ती जागा अजून रिकामीच आहे.

रानवाट: 'फेरपाऊस'वर व्याकरणाखेरीज दुसरा आक्षेप असेल तर तो कळावा.