एचएसएफ पेशीत आधीपासूनच असतो, मग जनुक बंद कसं राहतं?

भुसावळची_बायोटेक
एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, केळीची पानं करपतात, तरी झाड तग धरतं. म्हणून सेमिनारला उष्णतेत पेशी तग कशी धरते, हाच विषय मागून घेतला. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर डीएनएला चिकटला की जनुक चालू, एवढं शिकलेय. पण एचएसएफ (हीट शॉक फॅक्टर, उष्णतेत उपयोगी पडणारी जनुकं चालू करणारा फॅक्टर) तर उष्णता नसतानाही पेशीत असतो. मग तो गप्प का? आणि ऊन वाढल्याचं त्याला कळतं कसं?

अमळनेरचे_सर
ताई, प्रश्न फार मोलाचा आहे. तो असतो, पण मोकळा नसतो. माणसाच्या पेशीतला एचएसएफ-१ घ्या. एचएसपी-९० आणि एचएसपी-७० ही प्रथिनं (एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीन) त्याला धरून असतात, त्यामुळे तो एकटा राहतो. डीएनएवर घट्ट बसायला तीन एचएसएफ-१ ची एकमेकांशी जोडणी लागते.

या दोघांचं मूळ काम म्हणजे बिघडलेली प्रथिनं सावरणं. उष्णतेने पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडल्या की ही दोघं तिकडे गुंततात आणि एचएसएफ सुटतो. म्हणजे त्याला ऊन कळावं लागतच नाही! बिघडलेल्या प्रथिनांचा ढीग हेच मोजमाप. मला यातलं हेच सर्वात सुंदर वाटतं.

पुरावा हवा तर जेल्डानामायसिनचा प्रयोग सांगा. हे औषध एचएसपी-९० ला निकामी करतं, आणि तापमान न वाढवताही एचएसएफ-१ जागा होतो. इतिहासाला एकच ओळ पुरे: १९६२ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ रितोस्सांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेने आलेले फुगवटे, म्हणजे चालू झालेल्या जनुकांच्या जागा, नोंदवले.

भुसावळची_बायोटेक
मग बंद कोण करतं, सर?

अमळनेरचे_सर
तीच मंडळी. एचएसएफ जी जनुकं चालू करतो, त्यांत एचएसपी-७० चंही आहे. ते भरपूर झालं, बिघाड आवरला, की उरलेलं एचएसपी-७० परत एचएसएफला पकडतं. वनस्पतींत एचएसएफ पुष्कळ प्रकारचे आहेत, पण मुख्य एचएसएफए-१ वरही याच दोन प्रथिनांचा अंकुश असतो. तुमच्या केळीसाठी तेवढं जरूर लिहा.

रावेर_केळी
सर, रायपनिंग चेंबरमध्ये आम्ही इथिलीन सोडतो. तेपण असंच कुणाला तरी मोकळं करतं का?

अमळनेरचे_सर
भाऊ, तिथली तऱ्हा निराळी. ईआयएन-३ हा फॅक्टर सतत तयार होतो आणि सतत मोडला जातो. ईबीएफ-१ आणि ईबीएफ-२ ही प्रथिनं त्याला चिकटून प्रोटिएसोमकडे, म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या पेशीतल्या यंत्राकडे, पाठवतात. इथिलीन आलं की ईआयएन-२ या प्रथिनाचं शेपूट तुटतं आणि ते ईबीएफ तयार होणं रोखतं, त्यामुळे ईबीएफ कमी पडतात आणि ईआयएन-३ साठत जातो. हे उलगडलं ते मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिसमध्ये, पण केळीतही त्याचीच भावंडं आहेत. पिकण्याची जनुकं चालू होतात ती त्यानंतर.