मदत हवी आहे: रायझन ७७००, एक्सपो आणि पीबीओ. वॉरंटी नेमकी कशाने जाते?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात घरांच्या अंतर्गत सजावटीची थ्रीडी रेंडर करून देते. याच वर्षी नवीन मशीन बांधून घेतलं: रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर५-६००० ची ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर सीलबंद डब्यातला, त्यामुळे वॉरंटी ३ वर्षांची. कूलर डब्यातलाच, रेथ प्रिझम.

काम ब्लेंडरमध्ये चालतं. एखाददुसरी खोली असली तर ग्राफिक्स कार्ड पटकन उरकतं. पण पडदे, गालिचे, कुंड्या, फर्निचर असं सगळं भरलेला अख्खा फ्लॅट उघडला की कार्डच्या ८ जीबी मेमरीत मावत नाही, आणि रेंडर प्रोसेसरवर टाकावं लागतं. ते रात्रभर चालतं. म्हणून पीबीओ, म्हणजे प्रोसेसरला जास्त वीज घेऊ देणारी सोय, चालू करायचा विचार आहे. ७७०० ला कंपनीने ८८ वॅटची मर्यादा घातली आहे, ७७००एक्स ला १४२ वॅटची. दोन्हींत ८ कोअर. पीबीओने ती मर्यादा वाढवता येते, एवढं मला समजलं आहे.

अडचण वॉरंटीची आहे. दुकानदारांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, ओव्हरक्लॉक केलं की वॉरंटी संपली." ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. पण मशीन हातात देतानाच त्यांनी एक्सपो (रॅम चढ्या वेगाने चालवायची तयार सेटिंग) चालू करून दिला होता, रॅम ६००० वर धावताना दाखवली होती. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या माहितीपत्रकात ७७०० साठी रॅमचा वेग डीडीआर५-५२०० दिलाय. त्याच्या वरचं सगळं त्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंग, एक्सपो धरून. अटींच्या तळटीपेत असंही आहे की ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवलं तर वॉरंटी राहत नाही, मग ते एएमडीच्याच सॉफ्टवेअरमधून केलेलं असलं तरी. व्होल्टेज कमी करणंसुद्धा त्यात धरलं आहे!

मग माझी वॉरंटी दुकानाच्या पायरीवरच संपली का?

बरं, २०२३ मध्ये थ्रेडरिपर ७००० आले तेव्हाची गोष्ट याच्या उलट आहे. ओव्हरक्लॉकिंग चालू केलं की त्या प्रोसेसरमधला एक फ्यूज कायमचा उडतो, हे बाहेर आल्यावर एएमडीने खुलासा केला होता की नुसता फ्यूज उडाल्याने वॉरंटी जात नाही. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही, बाकी बिघाडांचा विचार होऊ शकतो. हे मला न्याय्य वाटतं. पण खुलासा एक सांगतो आणि तळटीप दुसरंच. उद्या काउंटरवर माझ्यासमोर कोणता कागद ठेवतील?

बोर्डच्या सेटिंगचा मेनू, म्हणजे बायोस, तिथेही तोच घोळ आहे. माझ्या बोर्डवर एक्सपो पहिल्याच पानावर आहे, एका क्लिकवर, कसलीही सूचना नाही. पीबीओसाठी आतल्या मेनूत शिरलं की आधी इशाऱ्याचं पान येतं आणि 'मान्य' दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी तिथूनच परत फिरले.

एक गोष्ट आधीच सांगते. "बॅटरी काढून बायोस रिसेट कर, कुणाला कळतंय" हा सल्ला कृपया देऊ नका. खोटं सांगून मला प्रोसेसर बदलून घ्यायचा नाही. जे केलं ते सांगून हक्काचं काय मिळतं, तेवढंच जाणून घ्यायचं आहे.

जुनाबोर्ड:

ताई, प्रश्न रास्त आहे. दुकानदार एक्सपो लावून देतात आणि पीबीओचं नाव काढलं की अंग काढून घेतात, हे सगळीकडे चालतं.

आधी हे लक्षात घ्या की वॉरंटी एक नसते. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, तिघांच्या अटी वेगळ्या. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर, मुख्यतः एक्स३डी (जादा कॅश मेमरीवाले), एएम५ (तुमच्याच सॉकेटच्या) बोर्डांवर जळाल्याची छायाचित्रं फिरली. एक्सपो चालू केल्यावर काही बोर्ड एसओसीचं (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रक वगैरे भागाचं) व्होल्टेज नको तितकं चढवत होते. त्यानंतर बायोस अपडेटमधून ते १.३ व्होल्टवर रोखलं गेलं, आणि आसुसने जाहीर केलं की त्यांच्या एएम५ बोर्डांच्या वॉरंटीत एक्सपो धरलेला आहे. म्हणजे बोर्डवाल्याने लेखी दिलं. पण ते बोर्डापुरतं, प्रोसेसरचा कागद निराळा. तुमचा बायोस जुना असेल तर तो आधी अपडेट करा, वॉरंटीचं पुढे बघू.

व्होल्टेज कमी केल्याने चिप सहसा मरत नाही, मशीन अस्थिर होतं. रेंडर मध्येच बंद पडतं, कधी चित्रात चूक येते आणि कळतही नाही. कंपनीने प्रत्येक चिप स्वतःच्या व्होल्टेजवर तपासलेली असते, त्याखाली ती नीट चालेल याची हमी कोण घेणार? म्हणून तेही अटीत आहे.

झीज होते ती व्होल्टेज, तापमान आणि वेळ या तिन्हींमुळे. पीबीओ चिपच्या स्वतःच्या नियंत्रणातच चालतो, त्यामुळे एक व्होल्टेज हाताने ठोकून बसवण्यापेक्षा तो पुष्कळ सौम्य. पीबीओमधल्या 'स्केलर' या सेटिंगला मात्र हात लावू नका, त्याने चढं व्होल्टेज जास्त वेळ टिकतं.

आता खरं सांगायचं तर मी पीबीओ लावणार नाही. मे महिन्यात नागपूरच्या खोलीत प्रिझमवर १४२ वॅट टाकलेत की प्रोसेसर ९५ अंशाला टेकेल आणि आपोआप वेग उतरवेल. ती मर्यादा कंपनीनेच ठेवलेली आहे, लगेच काही जळणार नाही, पण पदरात काय पडेल? चांगला कूलर लावूनही ७७०० आणि ७७००एक्स मधलं अंतर रेंडरमध्ये १० टक्क्यांच्या आतबाहेरच. रात्रभराच्या कामात तेवढ्यासाठी ३ वर्षांची वॉरंटी टांगणीला लावू नका. त्यापेक्षा सीन हलका करा. झाडं इन्स्टन्स करून ठेवा (मेमरीत एकच प्रत, तीच सगळीकडे वापरायची), मागच्या वस्तूंचे ४के टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रं) १के वर आणा. ८ जीबीत बसलं की ग्राफिक्स कार्ड जे वाचवेल ते कुठल्याही ओव्हरक्लॉकने वाचणार नाही.

सीताबर्डीकर:

कायद्याच्या बाजूने थोडं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही 'ग्राहक' ठरत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. तुमचं काम एकहाती असेल तर हा मुद्दा तुमच्या बाजूचा. बिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. स्वतःच्या नावावर असेल तर पुढे समजावून सांगावं कमी लागतं.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, दुकान किंवा कंपनी कुठलीही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, पुष्कळदा तेवढ्यावर दुकानदार बोलायला तयार होतो.

आणि एक्सपो दुकानानेच चालू करून दिला, हे लेखी असू द्या. साधा मेसेज टाका: "मशीन देताना आपण एक्सपो चालू करून दिलात, तो तसाच ठेवू का?" उत्तर 'हो' आलं की तो तुमचा पुरावा. ज्याने स्वतः सेटिंग बसवून विकलं, त्याला त्याच सेटिंगवरून ग्राहकाला परत पाठवणं अवघड जाईल.

मूळ धागाकर्ती:

जुनाबोर्डदादा, सीताबर्डीकर, दोघांचेही मनापासून आभार. स्वयंरोजगाराचं कलम मला ठाऊकच नव्हतं. बिल माझ्याच नावावर आहे.

बायोस अपडेट केला. मग एक्सपो बंद करून तीच फ्लॅटची फाइल प्रोसेसरवर चालवली. ब्लेंडरमध्ये फरक जवळजवळ शून्य! रॅमच्या वेगाने या कामाला फारसं काही मिळत नसेल, तर एक्सपो बंद ठेवणंच मला बरं वाटतं, निदान वॉरंटीचा प्रश्न तरी उरत नाही. पीबीओचा विचार सोडला. झाडं इन्स्टन्स केल्यावर सीन बराच उतरला आहे, पण अजून ८ जीबीच्या जरा वरच आहे. पडद्यांच्या कापडाचे टेक्स्चर राहिलेत.

दुकानाला मेसेज टाकला आहे. त्यांनी फोन करून सांगितलं, "चालतं मॅडम, काही होत नाही." लेखी द्या म्हटलं तर अजून उत्तर नाही. फोननंतर मीच मेसेज टाकला की "आत्ता फोनवर आपण असं असं म्हणालात", निळ्या खुणा आल्या आहेत. सीताबर्डीकर, हे पुरेसं धरलं जाईल का, की ईमेलच हवा? आणि विदर्भातल्या कुणी एएम५ प्रोसेसर वॉरंटीत बदलून घेतला असेल तर सांगा: दुकानामार्फत दिलात की थेट कंपनीकडे, आणि त्यांनी रॅमच्या सेटिंगबद्दल काही विचारलं का?