खबऱ्या, फितूर की घरभेदी?

वाटसरू: केन लोच यांच्या 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' (२००६) या आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या सिनेमासाठी मराठी उपशीर्षकं करतोय आणि 'इन्फॉर्मर'वर अडलोय. ख्रिस रायली हा कोवळा पोरगा. ज्याच्याकडे कामाला आहे त्या जमीनदाराच्या दबावाखाली तो साथीदारांची नावं सांगून बसतो. सिनेमाचा नायक, बंडखोर डेमियन त्याला लहानपणापासून ओळखतो, तरी गोळी त्यालाच घालावी लागते. मी 'खबऱ्या' लिहिलं. सोबत काम करणारा म्हणतो, 'फितूर'च हवं.

सायली_क: खबऱ्या नकोच. खबऱ्या पैसे घेऊन बातमी विकतो. जॉन फोर्डच्या 'द इन्फॉर्मर'मधला (१९३५) जिपो नोलन वीस पौंडांसाठी मित्राला पकडून देतो, त्याला म्हणा खुशाल.

गावकूस: पैशाचा काय संबंध? द्रविड बंधूंनी चापेकरांची माहिती बक्षिसासाठीच दिली. १८९९च्या फेब्रुवारीत वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्यांना मारलं. आमची आजी ही हकिगत सांगायची, तेव्हा ते कायम 'फितूर'च असायचे.

मोडीवाचक: फितूर अरबी-फारसीतून आला. 'घरभेदी' हा आपला स्वच्छ शब्द असताना तो कशाला? शिवाय पुढे डेमियन आणि टेडी हे सख्खे भाऊच एकमेकांसमोर उभे राहतात.

गावकूस: तीनशे-साडेतीनशे वर्षं वापरून अजून परका? मग 'खबर'ही काढा, 'हकिगत'ही काढा. घरभेदी म्हटलं की आपणहून घर फोडणारा बिभीषण आठवतो. हे पोर घाबरलेलं आहे हो.

सायली_क: शेवट लक्षात घ्या. टेडी भावाला म्हणतो, हत्यारं कुठे आहेत ते सांग, सुटशील. डेमियन ख्रिसचं नाव घेऊन नकार देतो. दोन्ही प्रसंगांत एकच शब्द कानावर पडला, तरच तो नकार कळेल. माझं मत फितूर.

वाटसरू: पण ख्रिसला फितूर म्हटलं की प्रेक्षक त्याला आधीच दोषी ठरवून मोकळा होईल. त्या प्रसंगात डेमियनलाही ते सोपं जात नाही.

मोडीवाचक: बरं, ब्रिटिश आणि आयरिश यांच्यातल्या 'ट्रीटी'ला काय लिहिलंत?

वाटसरू: करार.

मोडीवाचक: चूक. तह. युद्धानंतर होतो तो तह.

गावकूस: तह म्हटलं की पुरंदर डोळ्यासमोर येतो, गड देऊन आलेला. ट्रीटीवर सही करणारा आयरिश नेता कॉलिन्स, त्याच्या बाजूवर तो अन्याय. १९२२च्या जानेवारीत डॉलमध्ये, म्हणजे आयरिश संसदेत, ६४ विरुद्ध ५७ मतांनी ते मंजूर झालंय.

सायली_क: विरोधातल्या ५७ जणांना पुरंदरच दिसत होता ना! टेडी आणि डेमियन त्याच्यावरूनच तुटतात.

मोडीवाचक: मूळ दस्तऐवजाच्या नावातच दोन्ही आहेत, 'तहासाठीच्या कराराची कलमं'. म्हणजे तह हेच अंतिम.

गावकूस: म्हणजे सही झाली ती करारावर!